नाव एक, माणसं दोन: बोर्ड, पोस्ट, भाषण करताना घोळ कसा टाळायचा

मी सोलापुरात डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतो, चौदा वर्षं होत आली आता, आणि आमच्या धंद्यात जानेवारी म्हणजे मान वर करायला सवड नाही असा महिना. १२ जानेवारीला जिजाऊ जयंती, त्याच दिवशी स्वामी विवेकानंद जयंती, त्याच दिवशी आपल्या चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन, आणि त्याला लागूनच संक्रांतीची गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची जत्रा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालू असतं.

अशाच एका ११ तारखेच्या रात्री एका मंडळाची पोरं आली, यात्रेनिमित्त शुभेच्छांचा दहा बाय सहाचा बोर्ड पाहिजे, वरती सिद्धरामेश्वर महाराजांचा फोटो आणि खाली सगळ्या कार्यकर्त्यांचे. मी काय केलं, नाव टाईप केलं, पहिला जो स्वच्छ फोटो दिसला तो उचलला, बॅकग्राउंड कापलं, मागं तेजोवलय टाकलं, झेंडूच्या माळा सोडल्या आणि प्रिंटला दिलं. सकाळी बोर्ड चौकात लागला पण. नऊच्या सुमारास एक आजोबा दुकानात आले, धोतर, टोपी, कपाळाला विभूती, काही न बोलता माझ्या हाताला धरून चौकात घेऊन गेले आणि बोर्डाकडं बोट करून म्हणाले, "बाळा, हे कोण आहेत?" मी म्हटलं, "सिद्धरामेश्वर महाराज." ते म्हणाले, "बरोबर. पण कुठले?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी तिथंच उभं राहून सांगितलं. आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी, तळ्यातल्या देवळात ज्यांची समाधी आहे, अडुसष्ट लिंगांची स्थापना ज्यांनी केली ते. आणि मी जो फोटो लावला होता तो सिद्धरामेश्वर महाराजांचा, जन्म १८८८, आपल्याच जिल्ह्यातलं पाथरी गाव, इंचगिरी संप्रदायातल्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य, पुढं मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचे गुरू, १९३६ ला मुंबईत गेले. दोघंही थोर, दोघंही सोलापूरचे, नाव जवळपास अक्षर न अक्षर सारखं, मधे सातशे वर्षांचं अंतर. शेवटी आजोबा एवढंच म्हणाले, "बाराव्या शतकात फोटो काढणारा कोण होता रे?"

मी शिडी लावून स्वतः बोर्ड उतरवला, दुपारपर्यंत नवीन छापून लावला, मंडळाकडून त्याचे पैसे घेतले नाहीत. पण ती गोष्ट मनाला लागली ती लागलीच. कारण चूक फोटोची वाटते, पण खरं म्हणजे आपण एका माणसाचं आयुष्य दुसऱ्याच्या नावावर टाकतो, एकानं केलेलं काम दुसऱ्याच्या खात्यात जातं आणि ज्याचं खरं आहे तो पुसला जातो. म्हणून तेव्हापासून एक पद्धत बसवली. ती इथं लिहितोय, फ्लेक्सवाल्यांसाठी तर आहेच, पण पोरांना भाषण लिहून देणारे आईवडील, सूत्रसंचालन करणारे, जयंतीची पोस्ट टाकणारे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं, सगळ्यांना उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी शतक विचारा

नाव ऐकल्या ऐकल्या नेटवर जायचं नाही. आधी समोरच्याला विचारायचं, कुठल्या काळातले? तारीख माहीत नसली तरी "पेशवाईतले", "स्वातंत्र्याच्या लढ्यातले", "आत्ताचे" एवढं तर कुणीही सांगतं, आणि निम्मा घोळ तिथंच संपतो.

याला मी कॅमेऱ्याची कसोटी जोडलीय. फोटो काढायची कला जगापुढं आली १८३९ मधे. त्याच्या आधी जो माणूस गेला त्याचा फोटो असूच शकत नाही, असेल ते चित्र असेल, पुतळा असेल, नाणं असेल. तुमच्या हातात फोटो आहे आणि माणूस त्याआधीच गेलेला आहे, तर तो फोटो त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचा तरी आहे किंवा सिनेमा-मालिकेतल्या नटाचा आहे. हे दुसरं पण लई होतं बरं का.

शतकावरून सगळ्यात जास्त गफलत मी बघितली ती नानासाहेब पेशव्यांची. पानिपताच्या वेळचे नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव, जन्म १७२०, पानिपतानंतर काही महिन्यातच १७६१ ला गेले. आणि १८५७ ला कानपूरला इंग्रजांशी लढलेले नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. दोघांच्यात जवळजवळ शंभर वर्षं आहेत. एका शाळेच्या नाटकाची पत्रिका माझ्याकडं आली होती, त्यात नानासाहेब पेशवे पानिपताचा धक्का सहन करतात आणि पुढच्याच प्रवेशात तात्या टोपेंना बोलावतात. बाईंना फोन करून सांगितलं, बाईंनी रात्रीतून प्रवेश बदलला, पोरांचं नाटक व्यवस्थित झालं.

शाहू महाराजांचं तसंच. २६ जूनला सामाजिक न्याय दिन म्हणून ज्यांची जयंती करतो ते राजर्षी शाहू महाराज, कोल्हापूरचे, १८७४ ते १९२२, आरक्षण, वसतिगृहं, राधानगरी धरण, कुस्ती, सगळं त्यांचं. आणि साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज म्हणजे संभाजी महाराज आणि येसूबाईंचे चिरंजीव, १६८२ ते १७४९, मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले, ज्यांनी पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली ते. आता तर कोल्हापूरचे खासदार पण शाहू छत्रपतीच आहेत, २०२४ ला निवडून आलेले. म्हणजे "शाहू महाराजांचा बोर्ड" एवढ्यावर काम घ्यायचंच नाही, "राजर्षी का?" असं विचारायचं. एक शब्द जादा बोलला की पाचशे रुपयाचा फ्लेक्स वाचतो.

बापाचं नाव सोडू नका

आपल्या मराठी नावाची रचनाच अशी आहे की वडलांचं नाव मधे येतं, आणि ते काही शोभेला नाहीये. आपल्याकडं नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत होती, अजून आहे, त्यामुळं एकाच घरात एक आड एक पिढी तेच नाव येतं. पेशव्यांचं बघा. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे चिरंजीव पहिले बाजीराव, त्यांचे चिरंजीव परत बाळाजी म्हणजे वर सांगितले ते नानासाहेब. पहिल्या बाजीरावांचेच दुसरे चिरंजीव रघुनाथराव आणि त्यांचे चिरंजीव परत बाजीराव. इथं नुसतं "बाजीराव पेशवे" लिहिलं तर काय समजायचं? एक बाजीराव १७०० ते १७४० मधले, घोड्यावर आयुष्य काढलेले, दुसरे बाजीराव ज्यांच्या काळात १८१८ ला पेशवाई बुडाली ते. बाजीराव बल्लाळ आणि बाजीराव रघुनाथ असं लिहिलं की प्रश्नच मिटला. (बल्लाळ म्हणजे बाळाजीच.) थोरले माधवराव म्हणजे माधवराव बल्लाळ, थेऊरला १७७२ मधे गेले ते, आणि सवाई माधवराव म्हणजे माधवराव नारायण, त्यांचा जन्मच १७७४ चा. कागदपत्रात ही नावं अशीच येतात, जुन्या लोकांनी सोय करून ठेवलेली आहे, आपण घाईत मधलं नाव खाऊन टाकतो.

फक्त एक लक्षात ठेवा, दत्तक गेलं की वडलांचं नाव बदलतं आणि पुष्कळदा स्वतःचं पण बदलतं. राजर्षी शाहूंचं जन्माचं नाव यशवंतराव, कागलच्या घाटग्यांचे, १८८४ ला कोल्हापूरला दत्तक आले आणि शाहू झाले. वि. स. खांडेकरांचं मूळ नाव गणेश आत्माराम, दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम. त्यामुळं बापाचं नाव जुळत नाही म्हणून लगेच "हा दुसरा माणूस" असं ठरवू नका, आधी दत्तक आहे का बघा.

खांडेकरांवरून आठवलं, नुसत्या आद्याक्षरांवर कधी विश्वास ठेवू नका. वि. स. खांडेकर म्हणजे विष्णू सखाराम, ज्ञानपीठ मिळालेले कादंबरीकार. वि. स. पागे म्हणजे विठ्ठल सखाराम, विधान परिषदेचे सभापती होते आणि रोजगार हमी योजना ज्यांच्या डोक्यातून आली ते. इथं आडनाव वेगळं म्हणून वाचतो आपण. पण राजवाड्यांचं काय करणार? इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, १८६३ ते १९२६, गावोगाव हिंडून मराठ्यांची कागदपत्रं गोळा केली ते, आणि त्यांचे थोरले भाऊ वैजनाथ काशिनाथ राजवाडे, संस्कृतचे पंडित, निरुक्तावर काम केलेले. मराठीत वि. का. आणि वै. का., म्हणजे एका मात्रेचा फरक, आणि इंग्रजीत गेलं की दोघंही व्ही. के. राजवाडे. भाऊच असल्यामुळं बापाचं नाव पण एक, आडनाव पण एक. अशा ठिकाणी पहिलं नाव पूर्ण लिहिणं हा एकच उपाय आहे, आद्याक्षर लिहायचंच नाही.

याच्यावर साहेब लोकांनी पण तोडगा काढला होता. विन्स्टन चर्चिल नावाचे दोन लेखक एकाच वेळी होते, एक अमेरिकेतले कादंबरीकार, १८७१ चा जन्म, आणि दुसरे आपल्याला माहीत आहेत ते, पुढं इंग्लंडचे पंतप्रधान झालेले, १८७४ चा जन्म. त्या वेळी पुस्तकांमुळं अमेरिकेतले चर्चिल जास्त प्रसिद्ध होते. १८९९ ला इंग्लंडच्या चर्चिलनी अमेरिकेच्या चर्चिलना पत्र लिहिलं की मी माझ्या पुस्तकांवर मधलं स्पेन्सर हे नाव टाकत जाईन, म्हणजे वाचकांचा गोंधळ होणार नाही. तेव्हापासून त्यांच्या पुस्तकांवर मधलं नाव नाहीतर त्याचं आद्याक्षर असतंच. दोन माणसं समजूतदार असली की पत्रावर काम होतं, हे मला फार आवडलं.

गाव आणि काम, पण सोलापुरी पद्धतीनं

आपल्या जिल्ह्यात राहून हा विषय टाळताच येत नाही, कारण आपल्याकडं देवाच्या नावावरून नावं ठेवतात आणि देव तेच. सिद्धेश्वर, सिद्धाराम, जयसिद्धेश्वर, रेवणसिद्ध, मल्लिनाथ, पूर्व भागात गेलात तर अंबादास, व्यंकटेश, नरसय्या. एका पेठेतल्या एका गल्लीत चार सिद्धाराम सापडतील. आणि मोठी माणसं पण यातलीच. विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामीजी, २ जानेवारी २०२३ ला गेले, त्यांना मानणारे भक्त आपल्याकडं खूप आहेत, आणि आपले २०१९ ते २०२४ चे खासदार डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी. स्वामीजी गेले त्या दिवशी मला श्रद्धांजलीच्या सात ऑर्डर आल्या, त्यातल्या एकानं खासदार महास्वामींचा फोटो पाठवला होता. हयात माणसाच्या फोटोला श्रद्धांजली! नशीब तोवर सवय लागली होती, मी गाव विचारलं, "विजयपूरचे ना?" आणि फोटो बदलून घेतला. श्रद्धांजलीच्या बोर्डाला तर मी आता दोनदा विचारतो, कितीही घाई असू दे.

देशमुखांचं सगळ्यात भारी. शहर उत्तरचे आमदार विजयकुमार देशमुख, दक्षिणचे आमदार सुभाष देशमुख, दोघं एकाच पक्षाचे, दोघं एकाच वेळी मंत्री पण होते, आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख, अकरा वेळा आमदार झालेले, २०२१ ला गेले. बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. सोलापूरकरांनी यावर उपाय शोधला तो टोपणनावाचा, विजयकुमार म्हणजे मालक, सुभाष म्हणजे बापू, गणपतराव म्हणजे आबा. बोलताना हे एकदम सोपं पडतं. पण लिहिताना टोपणनावावर राहू नका, कारण टोपणनावं तर नावापेक्षा कमी आहेत हो. आबा म्हटलं की तासगावकडचा माणूस आर. आर. पाटील समजणार. बापू म्हटलं की सांगोल्याचा माणूस शहाजीबापू समजणार. दादा, अण्णा, तात्या, भाऊ यांची तर मोजदादच नको. टोपणनाव कंसात नाहीतर अवतरणात, पूर्ण नाव मोठ्या अक्षरात, असं करायचं.

नुसत्या आडनावाचं पण तेच. "शिंदे मुख्यमंत्री असताना" असं कुणी बोललं तर आमच्या पिढीला सुशीलकुमार शिंदे आठवतात, २००३-०४, आमच्या लहान भावाच्या पिढीला एकनाथ शिंदे. आणि चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ उभं राहून शिंदे म्हटलं तर हुतात्मा जगन्नाथ शिंदे. वाक्यात साल टाकलं की झालं.

आता गाव सारखं, नाव सारखं, तर काम बघायचं. अतुल कुलकर्णी हे नाव घ्या. सिनेमातले अतुल कुलकर्णी, दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले, त्यांची नाटकाची सुरुवात आपल्या सोलापुरातली. पत्रकार अतुल कुलकर्णी वेगळे. आणि आयपीएस अतुल कुलकर्णी आणखी वेगळे, ते आपल्या ग्रामीणचे पोलीस अधीक्षक म्हणून आले. म्हणजे "अतुल कुलकर्णी यांचे सोलापुरात स्वागत" असा बोर्ड आला की मी पहिल्यांदा विचारतो, कार्यक्रम नाट्यगृहात आहे का पोलीस मुख्यालयात.

शाहीर राम जोशी पण असेच, पेशवाईतले, आपल्या सोलापूरचे, लावणीचं मोठं नाव. मुंबई विद्यापीठाचे एक कुलगुरू होते त्यांचं नाव पण डॉ. राम जोशी. "राम जोशी यांचे साहित्य" असं नेटवर शोधलं तर कधी हे येतात, कधी ते. नावाआधी "शाहीर" लावून शोधा, वेळ वाचेल.

अभंग, वचन टाकताना

हा भाग मुद्दाम वेगळा लिहितोय कारण कीर्तनाच्या, सप्त्याच्या पत्रिकांवर अभंग असतोच आणि खाली नाव चुकीचं असतं. संतांनी स्वतःची सही कवितेतच करून ठेवलेली आहे, नाममुद्रा म्हणतात त्याला. तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. शेवटचं चरण वाचल्याशिवाय खाली नाव टाकायचं नाही.

पण नाममुद्रा पण फसवते कधीकधी, आणि सगळ्यात जास्त "नामा" फसवतो. संत नामदेव १२७० ते १३५०. त्यांच्यानंतर विष्णुदास नामा म्हणून दुसरे कवी होऊन गेले, तेही नामाच. दोघांच्या रचना एकमेकांत मिसळल्या गेल्यात, कुठला अभंग कुणाचा यावर अभ्यासकांनी आयुष्य घातलीत. अशा वेळी आपण काय करायचं, तर शहाणपणा करायचा नाही, ज्या छापील गाथ्यातून अभंग घेतलाय त्यात जसं नाव आहे तसं ठेवायचं आणि नामदेवरायांचं चित्र लगेच चिकटवायचं नाही.

कन्नड वचनांचं, म्हणजे तिकडच्या भक्तिरचनांचं, पण असंच, आपल्याकडं लागतातच ती. आपल्या सिद्धरामेश्वरांच्या वचनात शेवटी कपिलसिद्ध मल्लिकार्जुन येतं. अक्कमहादेवींच्या वचनात चेन्नमल्लिकार्जुन येतं. बसवेश्वरांच्या वचनात कूडलसंगमदेव. मल्लिकार्जुन दिसलं म्हणून सिद्धरामेश्वरांचं वचन म्हणून छापू नका, त्याच्या आधीचा शब्द बघा. हे मला त्याच आजोबांनी सांगितलं, मी लिहून ठेवलंय.

उलटा घोळ: एकाच माणसाची दोन माणसं होतात

हे पण होतं आणि जास्त वाईट वाटतं. आपल्या चार हुतात्म्यांची नावं बघा: मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मार्शल लॉ नंतर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला चौघांना फाशी दिली. आता यात अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे एका माणसाचं नाव आहे. मी एका पत्रिकेच्या मजकुरात "अब्दुल रसूल, कुर्बान हुसेन" असं मधे स्वल्पविराम टाकलेलं बघितलंय, चारच्या जागी पाच हुतात्मे झाले. आणि दुसऱ्या एकानं चारची संख्या जुळवायला सारडांचं नावच काढून टाकलं होतं! एका स्वल्पविरामानं फाशी गेलेला माणूस यादीतून गेला. म्हणून नावांची यादी आली की डोकी मोजा, आणि संख्या जुळत नसेल तर नाव काढू नका, आधी कळवा.

टोपणनावानं लिहिणाऱ्या कवींचं असंच. आपले कवी संजीव म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित. एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत "कवी संजीव आणि कृ. गं. दीक्षित यांच्या कवितांचे वाचन" असं आलं होतं, बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. हिंदीत पण संजीव नावाचे मोठे कथाकार आहेत, २०२३ चा साहित्य अकादमी त्यांना मिळाला, त्यामुळं नुसतं संजीव शोधलं तर भलतंच काहीतरी येतं. कवी कुंजविहारी म्हणजे हरिहर गुरुनाथ सलगरकर. टोपणनाव दिसलं की मूळ नाव शोधून शेजारी लिहून ठेवायचं.

स्पेलिंग पण बघा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आपले, चीनमधे १९४२ ला गेले ते, हिंदीत कोटनीस होतात. दोन वेगळी माणसं नाहीत.

नेटवर शोधायचं कसं

नुसतं नाव टाकलं की जो जास्त प्रसिद्ध तो वर येतो, तुम्हाला पाहिजे तो येईलच असं नाही. म्हणून नाव दुहेरी अवतरणात टाका, शेजारी गाव, काम किंवा साल टाका. दुसरा माणूस सारखा मधे येत असेल तर त्याच्याशी संबंधित शब्दाच्या आधी वजाबाकीचं चिन्ह टाका, तो गळतो. उजव्या बाजूला जी माहितीची चौकट येते तिच्यात फोटो एकाचा आणि माहिती दुसऱ्याची असं झालेलं मी स्वतः बघितलंय, त्यामुळं चौकटीतला फोटो कधीच थेट उचलू नका. फोटो मिळाला की तो परत गूगल लेन्समधे टाकून उलटा शोध घ्या, तो आणखी कुठं कुठं आणि कुठल्या नावानं आलाय ते कळतं. तीन ठिकाणी एकच नाव आणि एकच काळ दिसला तर मी धरतो, पण तिन्ही ठिकाणी मजकूर शब्दाला शब्द सारखा असेल तर ते एकच ठिकाण समजायचं, कॉपी आहे ती.

मराठी विकिपीडियावर सारख्या नावांसाठी वेगळं पान असतं, निःसंदिग्धीकरण म्हणतात, शब्द अवघड आहे पण पान लई कामाचं, एका नावाची सगळी माणसं एका खाली एक दिसतात. आणि मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे, त्यात आधी आडनाव, मग नाव, मग वडलांचं नाव, पुढं जन्म-मृत्यूच्या तारखा. शिंदे, विठ्ठल रामजी आणि कंसात २३ एप्रिल १८७३ – २ जानेवारी १९४४. मला विचाराल तर नोंद अशीच पाहिजे, यात चुकायला जागाच नाही.

हयात माणसं आणि निवडणूक

हयात माणसांच्या बाबतीत सोपं आहे, फोन करून विचारता येतं. पण निवडणुकीत हाच घोळ मुद्दाम घातला जातो. २०१४ ला रायगडला सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली होती. २०२४ ला दिंडोरीत भगरे आडनावाच्या अपक्षाला एक लाखावर मतं गेली, भास्कर भगरे निवडून आले म्हणून बरं. निवडणूक संचालन नियम १९६१ मधे लिहिलेलं आहे की दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा आणखी कशानं तरी फरक दाखवायचा. २०१५ पासून मशीनवर फोटो पण आला. सारख्या नावाच्या उमेदवारांवर बंदी घाला म्हणून सुप्रीम कोर्टात गेले होते लोक, कोर्टानं २०२४ ला ऐकलं नाही, आईबापानं ठेवलेल्या नावामुळं कुणाला उभं राहण्यापासून अडवणार कसं, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळं प्रचाराचं काम करणाऱ्यांनी प्रत्येक बोर्डावर पूर्ण तिहेरी नाव, फोटो, चिन्ह आणि अनुक्रमांक हे चारही टाकायचेच, जागा कमी पडली तर कार्यकर्त्यांचे फोटो कमी करा.

शेवटी लिहायचं कसं

मी दुकानात एक शंभर पानी वही ठेवलीय. एका नावाला एक पान. पानावर त्या नावाची जितकी माणसं सापडली तितकी, प्रत्येकापुढं पाच गोष्टी: पूर्ण नाव, गाव, जन्म-मृत्यूचं साल, काम, आणि बोर्डावर नावाआधी काय लावायचं ते. तुकाराम या पानावर चार आहेत: संत तुकाराम महाराज, देहू, हुतात्मा तुकाराम ओंबळे, २६/११ ला कसाबला जिवंत धरताना गेलेले, आपल्याकडं कलेक्टर होते ते तुकाराम मुंढे, आणि चौथे आमच्या गल्लीतले भजनी मंडळवाले, त्यांचा वाढदिवसाचा बोर्ड दर वर्षी असतो. वही पोरांच्या हाताशी असते, नवीन पोरगा कामाला आला की त्याला पहिले दोन दिवस तीच वाचायला देतो.

प्रूफ पाठवताना नुसतं डिझाईन पाठवत नाही, खाली एक ओळ टाईप करतो, "यातील फोटो अमुक यांचा, जन्म अमुक, गाव अमुक, बरोबर आहे का?" गिऱ्हाईक "ओके" एवढंच टाकतं, चालतं, पण त्याच्या आधी एकदा तरी वाचतं. घरातलं जाणतं माणूस असेल तर त्यालाच प्रूफ दाखवा म्हणून सांगतो, तरुण कार्यकर्त्यांना पुष्कळदा फरक माहीत नसतो, त्यांच्या आजीला असतो.

आणि एवढं करूनही चुकलंच, तर बोर्ड लगेच उतरवायचा, संध्याकाळची वाट बघायची नाही, कारण तोवर त्याचे फोटो निघून शंभर ग्रुपवर गेलेले असतात. ज्या ग्रुपवर चुकीचं गेलं त्याच ग्रुपवर बरोबरचं टाकायचं, वर एक ओळ लिहायची की सकाळच्या बोर्डावर फोटो चुकला होता, ते अमुक होते, हे अमुक आहेत. दोघांची नावं लिहायची, दोघांचा काळ लिहायचा. मी त्या वर्षी हेच केलं होतं. नवीन बोर्ड लावला आणि जुन्या बोर्डावरचा १८८८ च्या सिद्धरामेश्वर महाराजांचा फोटो तेवढा व्यवस्थित कापून घेतला, फ्रेम केली, आणि खाली छापलं, सिद्धरामेश्वर महाराज, पाथरी, १८८८–१९३६. आता तो दुकानात काउंटरच्या मागं लावलेला आहे, पलीकडं ग्रामदैवताचं चित्र आहे, आणि येणारं गिऱ्हाईक विचारतं, हे कोण, ते कोण.